लूझचं मत

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी प्रमिला रामटेके वाडीवर पोचली तेव्हा फाटकाला कागद ठोकलेला होता. पावसानं भिजू नये म्हणून प्लास्टिकच्या पाकिटात घातलेला, चारी कोपऱ्यांना खिळे. तिनं सायकल कुंपणाला टेकवली, चष्मा ओढणीला पुसला आणि वाचायला लागली. डच वाचताना ती आधी आकडे वाचायची, शब्द मागाहून जमतील तसे. आकडे होते बेचाळीस, एकशेवीस आणि २०२३. बेचाळीस म्हणजे वाडीतले तुकडे, एवढं तिला कळलं. एकशेवीस कशाचे ते कळेना.

"घरं," मागून लूझ म्हणाली. "एकशेवीस घरं. पुढच्या वर्षी. इथे. आपल्या लसणावर."

लूझ बत्तीस नंबरच्या तुकड्याची, प्रमिला एकतीसची. मधे फक्त पायवाट. लूझ मूळची कोलंबियाची. पंचवीस वर्षांपूर्वी एका डच ट्रक ड्रायव्हरशी लग्न करून ती हेस्टरबेक गावात आली. नवरा चार वर्षांमागे गेला, दोन्ही मुलं युट्रेख्टला राहायला गेली, आणि ती गावच्या शाळेत साफसफाई करत राहिली. साठीला टेकलेली, बुटकी, रुंद हाडाची. माती खणायला येतानाही ओठांना लाल लिपस्टिक लावायची, आणि कोरोनात सक्ती होती तेव्हा त्यावर मास्क.

दोघी आपसात डच बोलत. दोघींची डच वेगवेगळ्या ठिकाणी मोडलेली. प्रमिलाला क्रियापद सापडत नसे, लूझला सापडे पण भलत्याच काळातलं. तरी एकीचं दुसरीला सगळं कळायचं. गावातल्या डच माणसांना मात्र दोघींचंही निम्मंच.

"कोणाची घरं?" प्रमिलानं विचारलं.

लूझनं कागदावर बोट ठेवून वाचलं. "कारखान्यात काम करायला येणाऱ्या बाहेरच्या लोकांसाठी. इंजिनियर लोकांसाठी." मग तिनं प्रमिलाकडे पाहिलं. "तुझ्या नवऱ्यासारख्या."

प्रमिलानं फावडं काढलं आणि एकतीस नंबरवर जाऊन लसणाच्या वाफ्यातलं तण उपटू लागली. माती गार होती, बोटं लाकडासारखी झाली, पण ती थांबली नाही. दोन वर्षांपूर्वी पहिल्या लॉकडाऊनमध्ये नवरा वरच्या खोलीत लॅपटॉपशी आणि मुलगी खालच्या खोलीत शाळेशी बोलत बसायची, तेव्हा ही स्वयंपाकघरात भिंतीशी बोलायला लागली होती. तेवढ्यात गावच्या सार्वजनिक जागेतला हा भाजीपाल्याचा तुकडा भाड्यानं मिळाला. सगळी वाळू. पहिल्या वर्षी मेथी उगवली ती गोगलगाईंनी खाल्ली. दुसऱ्या वर्षी अंबाडी आली, काचेच्या पेटीत मिरची आली. भंडारा जिल्ह्यात पवनीजवळच्या गावात बापाच्या घरामागे वाडी होती, म्हणून ती यालाही वाडीच म्हणायची. हळूहळू लूझही 'वादी' म्हणायला लागली.

घरी तिचा नवरा राजानंद शनिवार असूनही वरच्या खोलीत मीटिंगमध्ये होता. तो फेल्डहोवनच्या चिपच्या यंत्रांच्या कारखान्यात इंजिनियर होता, पण दोन वर्षं कारखाना त्याच्या माळ्यावरच होता. वर कॉलरचा शर्ट, खाली पायजमा. जेवायला खाली आला तेव्हा प्रमिलानं सांगितलं.

"वाडीवर घरं बांधून राहिले म्हणे. एकशेवीस."

"असं?" राजानंद म्हणाला आणि वरण वाढून घेतलं. एरवी तो एका शब्दात थांबणारा माणूस नव्हता.

घराचं संकट त्यांच्याही डोक्यावर होतं. घरमालकाला वर्षभरापासून घर विकायचं होतं. ऑगस्टअखेर जागा सोडा, असं त्यानं नाताळच्या शुभेच्छांच्या कार्डातच लिहिलं होतं. गेल्या वर्षभरात राजानंदनं सतरा घरं पाहिली होती. प्रत्येक घराला पन्नास माणसं आधीच रांगेत. एका घरात तर दलालानं त्यांना दहा मिनिटं दिली, आणि त्यातली चार मिनिटं राजानंदच्या बुटांवर चढवायची प्लास्टिकची मोजी फाटण्यात गेली.

त्यांची पंधरा वर्षांची मुलगी तेजल इंग्रजी-मराठी मिसळून म्हणाली, "मॉम, यू कॅन व्होट, यू नो. मार्चमध्ये गेमेंतेचं इलेक्शन आहे."

गेमेंते म्हणजे गावची नगरपालिका. पाच वर्षं कायदेशीर राहिलेल्या परक्या माणसालाही तिच्या निवडणुकीत मत होतं, आणि रामटेक्यांना इथे येऊन आठ वर्षं झाली होती.

"मले?" प्रमिला म्हणाली. "इथं?"

"दोघांनाही येईल कार्ड," राजानंद म्हणाला आणि घाईनं वर गेला. पुढची मीटिंग तर तासाभरानं होती.

निवडणुकीत गावात दोनच पक्षांचा बोलबाला होता. दोन्ही गावापुरतेच. 'नवं हेस्टरबेक' सत्तेत होता. त्यांच्या कारभारी बाई आन्निक यांचंच ते एकशेवीस घरांचं स्वप्न. 'आपलं हेस्टरबेक' विरोधात, आणि त्यांचा पुढारी टून. टूनची झाडांची मोठी रोपवाटिका होती. लाल चेहऱ्याचा, भल्यामोठ्या आवाजाचा माणूस. सगळ्या गावाला नावानं ओळखायचा, निदान ओळखतो असं दाखवायचा.

पुढच्या शनिवारी टून वाडीवर आला. चहाकॉफीच्या लाकडी शेडमध्ये खिडक्या उघड्या ठेवून तीसेक माणसं थंडीत कुडकुडत उभी राहिली. टूननं स्वतः केक कापून वाटला.

"ही जमीन तुमची आहे," तो म्हणाला. "घामानं केलेली. आणि आन्निकबाईंना ती कोणाला द्यायचीय? अजून विमानात बसायचे आहेत त्या लोकांना! आम्ही म्हणतो, आधी आपली माणसं."

टाळ्या पडल्या. लूझनं सगळ्यांत जोरात वाजवल्या. तिच्यामागे वाडीतली बाकीची स्पॅनिश बोलणारी मंडळी उभी होती, लूझचं धरून पाच घरं. त्यात पेरूचा रामिरो होता, गोदामात फोर्कलिफ्ट चालवायचा. आधी स्पेनला जाऊन तिथला पासपोर्ट काढून मग इकडे आलेला. लूझनं टाळी वाजवली की हे पाचही घरचे वाजवत. निदान तिचा तसा समज होता.

प्रमिलानं हात वर केला. "आपली माणसं, कोण?"

टून हसला. "तुम्ही! इथे बरीच वर्षं असलेले."

"किती वर्षं?"

"म्हणजे... पुष्कळ."

"आठ?"

टूननं मागे आपल्या सहकाऱ्याकडे पाहिलं. "आठ म्हणजे... चांगली सुरुवात आहे."

"दहा?"

"दहा छान."

"माझ्याकडे डच पासपोर्ट नाही. मग?"

रामिरो केक चघळायचा थांबला. टून म्हणाला, "बाई, तुमची मिरची मी पाहिली आहे. तुम्ही आपल्याच." आणि सगळे हसले. प्रमिलाही हसली, कारण सगळे हसत होते, पण घरी जाताना सायकलवर तिला त्याचा राग आला. उतरून चालत असती तर जास्त आला असता. वाऱ्यानं निम्मा नेला.

दुसऱ्या दिवशी तिनं लूझला विचारलं. "तू टाळ्या. का?"

लूझ वाफ्याच्या कडेला बादली उलटी करून बसली. "मी इथे आले तेव्हा मला कोणी इंग्रजीत पत्र पाठवलं नाही. रात्रीच्या शाळेत गेले. परीक्षा दिली. कोलंबियाचा कागद परत दिला, रडले, आणि यांचा घेतला. सगळं रांगेत उभं राहून. आता नवे येतात, त्यांना घर, त्यांना करात सूट, त्यांच्याशी सगळे इंग्रजी बोलतात. रांग कुठे गेली?"

"माझा नवरा पण रांग. वर्षभर. सतरा घरं."

"तुझा नवरा वेगळा."

"सगळ्यांचा नवरा वेगळा," प्रमिला म्हणाली. लूझनं प्रमिलाचं फावडं कसं बोथट झालंय ते सांगायला घेतलं.

त्याच आठवड्यात आन्निकबाईंच्या पक्षाची पत्रकं घरोघर पडली. कोणाच्या तरी डोक्यातून निघालं होतं की बाहेरून आलेल्यांना त्यांच्या भाषेत पत्र द्यावं. लूझ सोमवारी वाडीवर आली ती पत्रक हातात फडकवतच.

"स्पॅनिश!" ती ओरडली. "पंचवीस वर्षं मी यांची शाळा पुसते, यांच्या पोरांना डचमध्ये रागावते, आणि मला स्पॅनिशमध्ये पत्र! 'प्रिय स्थलांतरित भगिनी'! मी स्थलांतरित? मी चर्चच्या मागच्या गल्लीतली आहे!"

प्रमिलानं आपलं दाखवलं. तिला हिंदीत आलं होतं, यंत्राकडून करून घेतलेलं. डचमध्ये मताला आणि आवाजाला एकच शब्द. त्यामुळे वर मोठ्या अक्षरांत छापलं होतं: 'आपकी आवाज़ गिनती करती है!' प्रमिलानं लूझला अर्थ सांगितला. "माझा आवाज, एक दोन तीन म्हणतो." लूझ इतकी हसली की तिला खोकला आला, आणि खोकला आल्याबरोबर पायवाटेवरची दोन माणसं तीन पावलं मागे सरली.

पण हसून झाल्यावर लूझ म्हणाली, "ठरलं. आमची पाचही घरं टूनला. मी त्याला शब्द देऊन आले."

"रामिरोला विचारलं?"

"रामिरोला काय विचारायचं?"

राजानंदचं बिंग त्या शुक्रवारी फुटलं. संध्याकाळी बेल वाजली. दारात आन्निकबाईंच्या पक्षाची एक तरुण मुलगी, हिरवं जॅकेट, हातात यादी. तिनं दोन पावलं मागे सरून, हसून, स्वच्छ इंग्रजीत सांगितलं, "मिस्टर रामटेके आहेत का? वाडीच्या जागेवरच्या घरांसाठी त्यांनी पहिल्याच दिवशी नाव दिलं. ते चौदाव्या नंबरवर आहेत! त्यांचं अभिनंदन करायचं होतं."

प्रमिलानं दार उघडंच ठेवलं आणि जिन्याकडे तोंड करून हाक मारली. "ओ चौदा नंबर! खाली या."

राजानंद आला. वर शर्ट, खाली पायजमा. मुलीनं पायजम्याकडे न पाहता अभिनंदन केलं आणि पत्रक देऊन ती निघून गेली.

"मी सांगणारच होतो," राजानंद म्हणाला.

"कवा? माझ्या मिरचीवर संडास बांधून झाल्यावर?"

"प्रमिला, ऑगस्टमध्ये कुठं जायचं? रस्त्यावर? सतरा घरं पाहिली मी. हे नक्की झालं तर तोवर काही महिने कुठंही काढू."

"मले काहून नाही सांगितलं?"

"तू नाही म्हटलं असतंस."

"हाव, म्हटलं असतं. पण सांगून पाहाचं होतं. मी का दुश्मन आहे?"

तेजल जिन्यात बसून सगळं ऐकत होती. ती डचमध्ये काहीतरी पुटपुटली, ज्याचा अर्थ बाबांची आता धडगत नाही असा होता.

धडगत नव्हतीच. रविवारी सकाळी साडेआठला राजानंद वाडीवर उभा होता, पायात तेजलचे रबरी बूट. घोड्यांच्या तबेल्यातून लीद आली होती, फाटकाशी छातीएवढा ढीग. ती एकचाकी गाडीत भरून एकतीस नंबरपर्यंत न्यायची. पहिल्या खेपेला त्यानं गाडी काठोकाठ भरली. गाडी दहा पावलं गेली, डावीकडे कलली आणि सगळी लीद सोळा नंबरच्या ट्युलिपांवर पडली. सोळा नंबरची म्हातारी बाहेर आली, पाहिलं, आणि डचमध्ये धन्यवाद म्हणाली. तिला वाटलं, खत दिलं.

दुसऱ्या खेपेला त्यानं अर्धीच भरली. चौथ्या खेपेला घाम फुटला, जॅकेट काढलं. सहाव्या खेपेला कमरेत काहीतरी टक्‌ झालं आणि तो गाडीचे दांडे धरून वाकलेलाच राहिला. सरळ होता येईना, बसता येईना. लूझ आणि प्रमिलानं दोन्ही बाजूंनी धरून त्याला तसाच वाकलेला शेडपर्यंत नेला.

"असे एकशेवीस येणार?" लूझनं विचारलं.

राजानंदला डच कळायची. वाकल्यावाकल्या तो म्हणाला, "बाई, मला घर हवं आहे. तुमची वाडी नकोय."

लूझनं स्वतःच्या थर्मासमधली कॉफी काढून त्याला दिली. तो वाकलेला असल्यानं तिला पेला खालून धरावा लागला.

फेब्रुवारीच्या शेवटी कार्निव्हल आला. दोन वर्षांनी सगळं उघडलेलं, त्यामुळे गावात तीन दिवस नुसती झुंबड. शेतकरी, शिक्षक, डॉक्टर सगळे रंगीत कोट घालून एकमेकांच्या गळ्यात पडले. टूननं मिरवणुकीच्या गाडीवर लूझला चढवलं, तिच्यासोबत नाचला. दहा दिवसांत अर्धं गाव खोकायला लागलं.

लूझ कशी कोण जाणे सुटली. पण मतदानाच्या आदल्या दिवशी, रविवारी, तिच्या चाचणीत दुसरी रेघ आली. कोरोनामुळे मतदान सोमवार ते बुधवार तीन दिवस होतं, पण तिला पाच दिवस घरात बसायचं होतं. तिनं प्रमिलाला फोन केला.

प्रमिला सोमवारी दुपारी गेली. चर्चच्या मागच्या गल्लीत लूझचं विटांचं दुमजली घर. लूझ वरच्या खिडकीत, गळ्याला मफलर, ओठांना लिपस्टिक. तिनं दोरीला बांधून एक पिशवी खाली सोडली. पिशवीत तिचं मतदानाचं कार्ड, मागे सही केलेलं, आणि पासपोर्टची झेरॉक्स.

"तू माझं मत टाक," लूझ वरून म्हणाली. "इथे चालतं. तुझ्या मतासोबतच टाकायचं."

"रामिरो आहे ना. पाच घरं आहेत."

"नको. तू."

"कोणाला?"

लूझ खोकली. "टून. लाल पेन्सिलीनं गोल नीट भर."

"माझं टूनला नाही. तुला माहीत."

"माहीत आहे. म्हणून काय झालं?"

"मी दुसरीकडे लाल केलं तर?"

"मला कसं कळणार?" लूझ म्हणाली. "आत तू एकटी असणार. कोणी बघत नाही. कोणालाच कळणार नाही." असं म्हणून तिनं खिडकी लावून घेतली.

प्रमिला पिशवी घेऊन सायकलजवळ जरा उभी राहिली. असलं काम तिच्या वाट्याला यायला नको होतं. तिचा बाप गावच्या शाळेत शिपाई होता. मतदानाच्या दिवशी तो पहाटे नदीवर आंघोळ करायचा, धुतलेला शर्ट घालायचा आणि बाबासाहेबांच्या फोटोला हात जोडून निघायचा. एका वर्षी तो असाच गेला आणि पाच मिनिटांत परत आला. त्याच्या नावावर सकाळीच कोणीतरी मत टाकून गेलं होतं. त्यानं शर्ट काढला, घडी घातली आणि दिवसभर उघड्या अंगानं वाडीत पाणी देत राहिला. प्रमिला तेव्हा नऊ वर्षांची होती.

बुधवारी सकाळी ती आणि राजानंद सायकलनं खेळाच्या हॉलवर गेले. राजानंद अजून एका कुशीवर कलून सायकल चालवत होता. प्रमिलानं इस्त्रीची निळी साडी नेसून वर जाड कोट घातला होता. साडीचा काठ साखळीत जाऊ नये म्हणून तेजलनं कपड्यांचे चिमटे लावून दिले होते.

टेबलामागच्या बाईनं इंग्रजीत विचारलं, "फर्स्ट टाइम?"

"नाही. अठराव्या वर्षापासून," प्रमिलानं डचमध्ये सांगितलं, आणि दोन कार्डं, आपलं रहिवासी ओळखपत्र आणि लूझची झेरॉक्स टेबलावर ठेवली.

बाईनं झेरॉक्स पाहिली, यादी पाहिली, प्रमिलाकडे पाहिलं आणि वर्तमानपत्राएवढे दोन कागद दिले. मतदानाच्या कोनाड्यात फळीवर ते मावेनात. एक उलगडला की दुसरा खाली पडे. दोनदा प्रमिला वाकली, दोनदा साडीचा चिमटा सुटून टक्‌कन फरशीवर पडला.

"सगळं ठीक?" बाहेरून बाईनं विचारलं.

"ठीक," प्रमिला म्हणाली.

आधी लूझचा कागद घेतला. टूनचं नाव यादीत पहिलंच. नावापुढचा पांढरा गोल तिनं लाल पेन्सिलीनं भरला, कडेपर्यंत, जरासुद्धा पांढरं न ठेवता. भरताना 'मिरची मी पाहिली आहे' हे त्याचं वाक्य आठवलं आणि पेन्सिलीचं टोक मोडलं. पण गोल भरला होता.

मग आपला. यावर ती तीन आठवडे विचार करत होती. आन्निकबाईंना मत म्हणजे आपल्याच वाफ्यावर कुदळ. पण दलालाच्या दारात प्लास्टिकची मोजी घालून उभी असलेली ती पन्नास माणसंही डोळ्यांसमोरून जात नव्हती. त्यांनी कुठं जायचं? आपण आलो तेव्हा कोणीतरी आपल्यासाठी जागा केलीच होती. मोडक्या टोकानं तिनं आन्निकबाईंचा गोल भरला. पेन्सिल कागदाला खरवडत होती. बाहेर आल्यावर तिनं राजानंदला सांगितलं नाही आणि त्यानंही विचारलं नाही. जाताना बेकरीत दोघांनी सफरचंदाची पेस्ट्री खाल्ली.

निकालात टूनचे दोनाचे पाच सदस्य झाले. आन्निकबाईंचे सातावरून पाचावर आले.

शनिवारी लूझ वाडीवर आली. थोडी उतरली होती. तिनं लसूण पाहिला, लीद पाहिली, मग पायवाटेवर येऊन उभी राहिली.

"टाकलंस?"

"टाकलं."

"कोणाला?"

"टूनला. तू सांगितलं तसं. गोल पूर्ण."

लूझचा चेहरा पडला. "खरंच?"

"म्हणजे? तू सांगितलं ना!"

"अगं, मी तुला का दिलं?" लूझनं कपाळावर हात मारला. "रामिरोला का नाही दिलं? तू टूनला देणार नाहीस म्हणून दिलं! मला वाटलं, तू दुसरीकडे लाल करशील!"

प्रमिलाच्या हातातलं फावडं तसंच राहिलं. "मग सांगायचं ना!"

"कसं सांगू? सगळ्यांसमोर शब्द दिला होता त्याला. शब्द देऊन मी उलट कसं करणार? मी खोटारडी नाही." लूझनं नाक पुसलं. "कार्निव्हलला त्यानं मला गाडीवर चढवलं. माइक घेतला. म्हणाला, 'ही आमची स्पॅनिश! हिच्यासारखे असतील तर कितीही येऊ देत!' आणि खाली उतरल्यावर मला विचारतो, उन्हाळ्यात घरी जाणार का? घरी! मी म्हटलं, घरी तर आत्ता जाणार आहे, चर्चच्या मागे. त्याला वाटलं, मी विनोद केला."

"मग मी खोटं करायला हवं होतं?" प्रमिलाचा आवाज चढला. "माझ्या बापाचं मत चोरलं लोकांनी! मी तुझं चोरू?"

लूझला ते माहीत नव्हतं. प्रमिलानं सांगितलं, मोडक्या डचमध्ये, नदी, शर्ट, घडी, सगळं. लूझ ऐकत राहिली. मग उलट्या बादलीवर बसली आणि हळूहळू तिला हसू यायला लागलं.

"म्हणजे गावात एकच माणूस प्रामाणिक," ती म्हणाली, "आणि मी नेमकं तिला गाठलं."

रामिरोनं काय केलं तेही नंतर कळलं. तो तिन्ही दिवस मासे धरायला गेला होता. उरलेल्या तीन घरांत एका बाईनं आन्निकला दिलं, कारण तिच्या भाचीला घर हवं होतं. एकानं टूनला. एका नवरा-बायकोनं एकमेकांविरुद्ध दिलं आणि आठवडाभर ते बोलत नव्हते. तरी दोन्ही पक्षांनी आपापल्या सभेत स्पॅनिश बांधवांचे आभार मानले.

टून स्वतः वाडीवर आला, ट्युलिपचे गुच्छ घेऊन. एक लूझला दिला. दुसरा प्रमिलाच्या हातात ठेवून, छातीवर हात नेऊन त्यानं स्पॅनिशमध्ये आभार मानले, "मूचास ग्रासियास!"

"तुमच्या तोंडात किडे पडो," प्रमिला शुद्ध भंडाऱ्याच्या मराठीत, अगदी गोड आवाजात म्हणाली. टूननं मान लववली.

मे महिन्यात टून आणि आन्निकबाईंनी मिळून कारभार घेतला. दोघांना एकत्र फोटोत पाहून गाव आठवडाभर बोलत होतं. तडजोड अशी झाली: घरं साठ. एक ते वीस तुकडे राहतील, पुढचे जातील. घरं आधी मिळतील ती गावात दहा वर्षं राहिलेल्यांना. एकतीस आणि बत्तीस नंबरला पीक काढून झाल्यावर, ऑक्टोबरअखेर जागा सोडायची होती. आणि राजानंदचा नंबर चौदावरून दोनशे तीन झाला. टूनच्या रोपवाटिकेतले पोलिश कामगार कॅरव्हॅनमध्ये राहत होते. ते तिथेच राहिले.

जुलै लागला. रामटेक्यांच्या घरात खोकी भरायला सुरुवात झाली, पण खोकी न्यायची कुठं ते ठरलं नव्हतं. राजानंद पार जर्मनीच्या सीमेजवळच्या एनस्खेडेपर्यंतची घरं पाहून आला. तेजल शाळा बदलायची नाही म्हणून दोन दिवस जेवली नाही. प्रमिला वाडीवर यायची आणि मिरच्यांना पाणी देऊन परत जायची.

एका संध्याकाळी लूझ त्यांच्या दारात उभी राहिली. आत आली, खोकी पाहिली, राजानंदला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"कंबर बरी?"

"बरी आहे."

"माझा वरचा मजला रिकामा आहे. दोन खोल्या, न्हाणीघर. मुलं येत नाहीत. मी खाली, तुम्ही वर. रविवारी मी जोरात गाणी लावते, ते ऐकावं लागेल."

राजानंद गोंधळला. "पण... तुम्हीच म्हणाला होता, बाहेरचे लोक..."

"ते टूनसमोर म्हणाले होते," लूझ म्हणाली. "घर माझं आहे."

प्रमिला स्वयंपाकघरात गेली आणि चहा ठेवला. आधण उकळून उतू जायला लागलं तेव्हा तेजलनं येऊन गॅस बंद केला आणि आईच्या पाठीवर हात ठेवून तिथेच उभी राहिली.

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी सामान हललं. दुपारी जेवणं झाल्यावर लूझनं दोघांना मागच्या अंगणात नेलं. तिच्या नवऱ्यानं सगळं अंगण सिमेंटच्या लाद्यांनी झाकून टाकलं होतं, ट्रक धुतात तसं धुता यावं म्हणून. लाद्यांच्या फटींत शेवाळ, कोपऱ्यात मोडकी खुर्ची. प्रमिलानं टाचेनं एक लादी दाबून पाहिली. लादी हलली. खाली काळी माती होती, वाडीतल्या वाळूपेक्षा बरी.

राजानंदनं न सांगता पहार आणली. लादीखाली घातली, गुडघे वाकवून, कंबर सरळ ठेवून, डॉक्टरनं शिकवलं तसं. पहिली लादी सुटली. खालून गांडुळं निघाली.

"किती काढायच्या?" लूझनं विचारलं.

"सगळ्या," प्रमिला म्हणाली, आणि दुसरीला हात घातला.